मेंदूची रेडिओसर्जरी : आपल्याला किती ठाऊक असावे?



मेंदूत गाठ आहे असा अहवाल हाती आला, की कोकणातील कुटुंब दोन ठिकाणी धाव घेते. एक ग्रामदेवतेच्या देवळात कौल लावण्यासाठी आणि दुसरी ओळखीच्या वैद्याकडे. "डॉक्टर, डोके उघडायचे म्हणतात. तुमच्यात काही औषध नाही का?" हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेला आहे. त्याला आपण जे उत्तर देतो, त्यावर त्या माणसाचे पुढील काळातील ऐकणे, पाहणे, चालणे आणि काही वेळा जगणेही अवलंबून असते. उत्तर देताना आपल्यासमोर सामान्यतः दोनच मार्ग असतात : शस्त्रक्रिया किंवा औषध. तिसरा एक मार्ग आहे, तो काही निवडक रुग्णांना फार उपयोगी पडतो, आणि तो आपल्या बोलण्यात बहुधा येतच नाही. त्या मार्गाचे नाव रेडिओसर्जरी.

ही पद्धत नवी नाही. १९९७ साली माहीम येथील पी. डी. हिंदुजा रुग्णालयात डॉ. बसंतकुमार मिश्रा यांच्या नेतृत्वाखाली भारतातील पहिले गॅमा नाइफ यंत्र सुरू झाले. त्याच वर्षी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतही ही सोय झाली. त्यानंतर थोड्याच महिन्यांत, जानेवारी १९९८ मध्ये, कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली आणि रत्नागिरीला रात्री गाडीत बसलेला रुग्ण सकाळी मुंबईत उतरू लागला. म्हणजे उपचार आणि उपचारापर्यंत नेणारी वाट या दोन्ही गोष्टी आपल्या जिल्ह्याला जवळजवळ एकाच वेळी मिळाल्या. तरीही आज पाव शतकानंतर जिल्ह्यातील दहा चिकित्सकांना 'गॅमा नाइफ म्हणजे काय' असे विचारले, तर त्यांतील काही जण ते एक प्रकारचे चाकू आहे असे सांगतील, काही जण ती कर्करोगावरील 'लाईट' आहे असे म्हणतील, आणि कोणत्या रुग्णाला तिकडे पाठवावे हे नेमकेपणाने सांगणारे थोडेच निघतील, असे मला माझ्या व्यवसायबंधूंशी झालेल्या बोलण्यावरून वाटते.

ही उणीव केवळ आपल्या पॅथीची नव्हे. आमच्या पिढीने बी.ए.एम.एस.ला प्रवेश घेतला त्या सुमारास हे यंत्र मुंबईत काम करू लागले होते; पण साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमात त्याचा उल्लेख कानी पडला नाही. एम.बी.बी.एस. झालेल्या मित्रांची स्थिती फारशी निराळी नाही. मज्जाशल्य हा विषय त्यांच्याकडे अतिविशेष शाखेचा, आणि किरणोपचार विभागात विद्यार्थ्याचा वेळ अगदी थोडा जातो. या दोहोंच्या सीमेवर असलेली रेडिओसर्जरी मग कोणाच्याच वाट्याला येत नाही. आपल्या जिल्ह्यात डेरवण येथे २०१५ पासून आणि रत्नागिरी शहरात २०२३ पासून वैद्यकीय महाविद्यालये आहेत. शेकडो तरुण डॉक्टर येथून बाहेर पडणार आहेत. त्यांना आणि आपल्याला मिळून हा प्रश्न विचारावयास हवा, की रुग्णाच्या पहिल्या दाराशी उभ्या असलेल्या चिकित्सकाला या उपचाराविषयी किमान किती ठाऊक असावे?

माझे मत असे, की यंत्राचे अंतरंग आपल्याला ठाऊक नसले तरी चालेल. पण कोणाला पाठवावे, केव्हा पाठवावे आणि परत आलेल्या रुग्णाकडे कसे पाहावे, या तीन गोष्टी ठाऊक नसणे आता क्षम्य नाही.

नावाने होणारा गैरसमज

'रेडिओसर्जरी' हा शब्द स्वीडनमधील मज्जाशल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली योजला. भौतिकशास्त्रज्ञ बोर्ये लार्सन यांच्या साहाय्याने त्यांनी विकसित केलेले पहिले गॅमा नाइफ १९६८ साली स्टॉकहोममध्ये वापरात आले. नावात 'सर्जरी' आणि 'नाइफ' असले तरी यात त्वचेवर छेद नाही, कवटी उघडणे नाही, रक्तस्राव नाही. कोबाल्ट-६० या द्रव्यातून निघणारे गॅमा किरण शेकडो बारीक झोतांच्या रूपाने निरनिराळ्या दिशांनी डोक्यात शिरतात आणि ठरविलेल्या एकाच बिंदूवर एकत्र येतात. पहिल्या यंत्रात असे १७९ स्रोत होते. पुढे २०१ झाले. २००६ च्या सुमारास आलेल्या रचनेत ते १९२ आहेत. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी अनेक खांद्यांवर विभागली जाते, म्हणून कोणा एकाचा खांदा दुखत नाही. येथेही तसेच. प्रत्येक झोत इतका क्षीण, की वाटेतील निरोगी मेंदूला तो सोसवतो. पण सर्व झोत जेथे मिळतात तेथे मात्रा तीव्र होते आणि तेथील विकृत पेशींची वाढ थांबते किंवा विकृत रक्तवाहिनी हळूहळू बंद होते.

अचूकता मिलिमीटरच्या आत ठेवावी लागते. त्यासाठी पारंपरिक पद्धतीत केवळ त्या जागा बधिर करून डोक्याला चार टेकूंची धातूची चौकट बसवितात, एमआरआय काढतात, संगणकावर आराखडा करतात आणि मग उपचार देतात. अलीकडे काही रुग्णांत चौकटीऐवजी मुखवट्याचाही उपयोग होतो. सर्वसाधारणपणे रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो. हेच तत्त्व लिनॅक यंत्रावरही राबविता येते. लेक्सेल यांच्याकडे काही काळ शिकलेल्या जॉन ॲडलर यांनी स्टॅनफर्ड येथे विकसित केलेले सायबरनाइफ हे यांत्रिक हातावर बसविलेले लिनॅकच होय. २००९ साली ते चेन्नईत आले. तेव्हा 'गॅमा नाइफ' हे एका यंत्राचे नाव आहे आणि 'रेडिओसर्जरी' हे उपचारपद्धतीचे, हा भेद आपण प्रथम लक्षात ठेवावा. विशिष्ट यंत्राच्या नावाचा आग्रह धरून रुग्णाला पाठविण्याचे कारण नाही. अनुभवी चमू कोठे आहे हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

कर्करोगासाठी पाच-सहा आठवडे रोज थोडा थोडा दिला जाणारा किरणोपचार आणि हा उपचार यांतही अंतर आहे. तेथे मोठ्या क्षेत्रावर लहान लहान मात्रा असतात. येथे लहानशा लक्ष्यावर बहुधा एकाच बैठकीत मोठी मात्रा असते. म्हणूनच लक्ष्य लहान असणे ही याची मुख्य अट आहे. गाठीचा व्यास साधारण तीन सेंटिमीटरच्या आत असावा लागतो. माझ्या दृष्टीने सगळ्या विषयाचे मर्म या एका आकड्यात आहे. आपल्याकडे घालविलेला काळ हा गाठीला वाढण्यासाठी दिलेला काळ असतो, आणि तीन सेंटिमीटरची मर्यादा ओलांडली की रुग्णापुढील एक दार बंद होते.

आपल्या बाकावर बसलेले रुग्ण

असे रुग्ण 'मला मेंदूची गाठ आहे' असे सांगत येत नाहीत. ते आपल्या नेहमीच्या तक्रारी घेऊन येतात.

पहिला, एका कानाचा. एकाच कानाने हळूहळू कमी ऐकू येणे, त्याच कानात नाद, चालताना किंचित तोल जाणे. आपण कर्णनाद आणि बाधिर्य असे निदान करतो, कर्णपूरण आणि नस्य देतो, महिनेच्या महिने जातात. वयोमानाने येणारे बाधिर्य दोन्ही कानांत साधारण सारखे असते. ते एकाच बाजूला असेल तर श्रवणचाचणी आणि त्यानंतर एमआरआय झालाच पाहिजे, कारण श्रवण-संतुलन मज्जेवरील सौम्य गाठ अशीच सुरू होते. ती लहान असताना सापडली तर काही रुग्णांत नुसते लक्ष ठेवता येते, काहींत १२ ते १३ ग्रे एवढ्या मात्रेच्या रेडिओसर्जरीने दहांपैकी नऊहून अधिक जणांत वाढ रोखता येते. तीच गाठ मेंदूच्या देठावर दाब देऊ लागली, की मग मोठ्या शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नाही, आणि तीत चेहऱ्याच्या मज्जेला धोका अधिक.

दुसरा, चेहऱ्याच्या कळेचा. दात घासताना, घास चावताना, वाऱ्याची झुळूक लागताच गालात विजेसारखी कळ येते. असे रुग्ण प्रथम दंतवैद्याकडे जातात आणि कित्येक चांगले दात गमावतात. सुश्रुताने उत्तरतंत्रात सांगितलेल्या अकरा शिरोरोगांपैकी अनन्तवाताशी अनेक आधुनिक लेखक ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचे साम्य दाखवितात. साम्य दाखविणे ठीक. पण ते दाखवून झाल्यावर रुग्णाचे काय, हा प्रश्न उरतोच. प्रथम कार्बामेझेपीनसारखे औषध, ते अपुरे पडले किंवा सोसवेनासे झाले तर मज्जेवरील रक्तवाहिनीचा दाब काढणारी शस्त्रक्रिया, आणि वयोवृद्ध किंवा भूल न सोसणाऱ्या रुग्णांत रेडिओसर्जरी, असा क्रम आहे. येथे आराम लगेच येत नाही. काही आठवडे, क्वचित काही महिने लागतात आणि काहींच्या गालाला बधिरपणा येतो. हे आधी सांगितले नाही, तर आठव्या दिवशी रुग्ण निराश होऊन आपल्याकडे परत येतो.

तिसरा, आकडीचा. तरुण वयात प्रथमच आलेली आकडी किंवा अचानक आलेली असह्य डोकेदुखी यांच्या मुळाशी मेंदूतील धमनी-शिरांचे जन्मजात विकृत जाळे असू शकते. हे जाळे लहान आणि खोल असेल तर रेडिओसर्जरीने ते दोन ते तीन वर्षांत बंद होण्याची चांगली शक्यता असते. मात्र ते पूर्ण बंद होईपर्यंत रक्तस्रावाचा धोका कायम राहतो. न फुटलेल्या जाळ्यात हस्तक्षेप करावाच का, हाही वादाचा प्रश्न आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात अशा रुग्णांत केवळ औषधोपचार अधिक सुरक्षित ठरला होता. हा निर्णय तज्ज्ञांचा आहे. आपले काम रुग्ण तेथवर पोहोचेल हे पाहण्याचे.

चौथा, कर्करोगाचा उपचार घेत असलेला रुग्ण. फुप्फुस किंवा स्तनाचा कर्करोग मेंदूत पसरला की 'आता काही उरले नाही' असे समजून घरची माणसे त्याला आपल्याकडे आणतात. मेंदूतील गाठी एक ते तीन असतील तर संपूर्ण मेंदूला किरण न देता केवळ त्या गाठींवर रेडिओसर्जरी केल्याने रुग्णाची स्मृती आणि विचारशक्ती अधिक टिकते, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. उरलेल्या महिन्यांत माणूस आपल्या नातवंडांना ओळखतो की नाही, हा फरक लहान नव्हे.

याशिवाय पियूषिका ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेला अंश आणि मेंदूच्या आवरणावरील लहान गाठी यांतही हा उपचार योजला जातो. दृष्टिमज्जेच्या फार जवळ असलेल्या गाठीत मात्र तो टाळावा लागतो किंवा मात्रा विभागून द्यावी लागते, कारण ती मज्जा किरणांना अत्यंत नाजूक आहे.

आणि ज्यांना हा उपचार नाही, तेही सांगितले पाहिजे. मोठी गाठ, मेंदूवर वाढलेला दाब, वारंवार वांती, दिवसेंदिवस मंदावणारी शुद्ध अशा रुग्णाला तातडीची शस्त्रक्रिया लागते. त्याला 'डोके न उघडता होते म्हणे' असे सांगून थांबवून ठेवणे हाही अपायच होय. अर्धवट माहिती ही अज्ञानाइतकीच घातक ठरते.

किरण या शब्दाची धास्ती

आपल्या जिल्ह्यात किरणोत्सर्ग हा शब्द पुस्तकातून आलेला नाही. राजापूर तालुक्यातील जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पावरून २०१० आणि २०११ मध्ये जो वाद झाला, त्याने हा शब्द घराघरांत पोहोचविला. प्रकल्पाबद्दल कोणाचे काहीही मत असो. त्या शब्दाभोवती जमलेली धास्ती रुग्ण आपल्याबरोबर दवाखान्यात घेऊन येतो. 'उपचारानंतर घरात लहान मूल आहे, त्याला जवळ घ्यायचे की नाही?' 'वेगळे ताट ठेवायचे का?' असे प्रश्न मुंबईतल्या डॉक्टरांना विचारण्याचे धैर्य त्याला होत नाही. ते तो आपल्याला विचारतो. त्याला स्पष्ट सांगावे, की किरण यंत्रातून येतात, आपले काम करतात आणि संपतात. रुग्णाच्या अंगात किरणोत्सर्गी द्रव्य राहत नाही, तो घरी कोणालाही जवळ घेऊ शकतो. डोक्याचे सर्व केस गळत नाहीत. चौकटीच्या चार जागी काही दिवस दुखते, एवढेच.

याबरोबरच खरे धोकेही सांगावेत. काही रुग्णांत सहा महिने ते दीड वर्षाच्या काळात उपचाराच्या जागेभोवती सूज येते. त्या वेळी डोकेदुखी, आकडी किंवा हातापायांतील बळ कमी होणे अशी लक्षणे उद्भवतात. क्वचित तेथील ऊतींचा नाशही होतो. वर्षभरापूर्वी रेडिओसर्जरी झालेला रुग्ण 'पुन्हा डोके दुखते' म्हणून आपल्याकडे आला, तर ते साधे शिरःशूल समजून शिरोलेप किंवा शिरोबस्ती सुरू करण्याआधी एमआरआय करवून घेणे हे आपले कर्तव्य आहे.

आपल्या औषधांचा संबंध

औषधविक्रेते मित्रांनी हा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा अशी विनंती आहे. मेंदूतील गाठ किंवा रक्तवाहिनीची विकृती असलेले अनेक रुग्ण आकडीची औषधे घेत असतात, आणि आपली औषधे त्यांत ढवळाढवळ करू शकतात. शंखपुष्पीचे सरबत 'बुद्धीसाठी चांगले' म्हणून कोणीही कोणालाही देतो. परंतु १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात, शंखपुष्पीयुक्त कल्प सोबत घेतल्याने फेनिटॉइनची रक्तातील पातळी घटते आणि आटोक्यात असलेली आकडी पुन्हा येऊ लागते, असे नोंदले गेले. उलटपक्षी पिप्पली आणि मरिच यांतील पायपरीन हे द्रव्य फेनिटॉइन व कार्बामेझेपीन यांची रक्तातील पातळी वाढविते, असे पुढील अभ्यासांत आढळले. त्रिकटु हे आपले रोजचे औषध. ते किती कल्पांत आहे हे मी सांगावयास नको. योगवाही म्हणून ज्या गुणाचे आपण कौतुक करतो, तोच गुण येथे मात्रेचे गणित बिघडवू शकतो. त्याचप्रमाणे सूज उतरावी म्हणून दिलेली स्टेरॉइडची गोळी रुग्णाने आपल्या मनाने किंवा आपल्या सल्ल्याने एकाएकी बंद करणे धोक्याचे असते.

दुकानाच्या फळीवरून आणखी एक गोष्ट दिसते, जी दवाखान्यातून दिसत नाही. तोच मनुष्य दर महिन्याला जुन्याच चिठ्ठीवर कार्बामेझेपीनच्या पट्ट्या नेतो, दर खेपेस एक पट्टी अधिक मागतो. किंवा दर आठवड्याला डोकेदुखीच्या गोळ्या नेतो. 'शेवटचे कोणाला दाखविले होते?' हा एक प्रश्न विचारणे दुकानदाराच्या हाती आहे. त्या प्रश्नाने एक गिऱ्हाईक कदाचित कमी होईल. पण एका माणसाची वाट वेळेवर वळेल.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा, की हा आपला विषयच नव्हे. आपण आपले शास्त्र सांभाळावे. या आक्षेपाला आपलेच शास्त्र उत्तर देते. चरकाने चिकित्सास्थानात गुल्माचे वर्णन करताना, पक्व गुल्माच्या बाबतीत अधिकार धान्वन्तर संप्रदायाच्या शल्यज्ञांचा आहे असे निःसंकोच सांगितले आहे. शालाक्याच्या प्रांतातील रोगांविषयीही, दुसऱ्याच्या अधिकारात विस्ताराने बोलणे योग्य नव्हे, असे म्हणून तो थांबतो. आणि केवळ एकाच शास्त्राच्या अध्ययनाने निश्चित ज्ञान होत नाही, चिकित्सकाने बहुश्रुत असावे, हा सुश्रुताचा आग्रह आहे. रुग्ण योग्य हाती सोपविणे हा आपल्या परंपरेत कमीपणा नव्हता. त्यासाठी दुसऱ्याच्या हाती काय आहे हे ठाऊक असावे लागते, एवढेच.

दुसऱ्या बाजूने काही उत्साही मंडळी अग्निकर्माशी किंवा प्राचीन सूर्यकिरण-चिकित्सेशी याचा संबंध जोडून 'हे सगळे आपल्याकडे होतेच' असे म्हणतात. मला हे योग्य वाटत नाही. डोके हे तीन प्रधान मर्मांपैकी एक आहे असे आपल्या आचार्यांनी सांगितले आणि त्याच्या रक्षणाचा आग्रह धरला, हे त्यांचे थोरपण पुरेसे आहे. ज्या गोष्टी त्यांनी सांगितल्या नाहीत, त्या त्यांच्या तोंडी घालून त्यांचा मान वाढत नाही.

तिसरा आक्षेप अधिक खरा आहे. 'अशा महागड्या उपचारांचा प्रचार म्हणजे मोठ्या रुग्णालयांची दलाली' असे काही ज्येष्ठ म्हणतात, आणि कट प्रॅक्टिसची कीड पाहता त्यांची शंका निराधार नाही. त्यावर उपाय एकच : पाठविलेल्या रुग्णामागे एक पैसाही घ्यावयाचा नाही, आणि हे रुग्णाला समजेल अशा रीतीने वागावयाचे. खर्चाविषयीही त्याला अंधारात ठेवू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही ठरावीक यादीतील उपचारांना आणि ठरावीक रुग्णालयांनाच लागू होते. त्यामुळे घरातील दागिना किंवा कलमांची बाग गहाण टाकण्याआधी, आपल्या रुग्णाचा उपचार त्या यादीत बसतो का, हे अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे विचारून घ्यावयास सांगावे. शासकीय आणि धर्मादाय रुग्णालयांतील सोयींची चौकशीही आधी व्हावी. एवढे काम आपल्या एका दूरध्वनीने होते.

संघटनेकडून अपेक्षा

केवळ लेख लिहून भागत नाही, म्हणून चार सूचना मांडतो. पहिली, आपल्या वार्षिक चर्चासत्रात एक सत्र या विषयासाठी राखावे आणि त्यात मज्जाशल्यतज्ज्ञ व किरणोपचारतज्ज्ञ या दोघांनाही बोलवावे. एकाच बाजूचे ऐकले तर एकच उपचार सर्वांना योग्य वाटू लागतो. डेरवण आणि रत्नागिरी येथील महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनाही त्यात बसू द्यावे. उद्या ते आणि आपण एकाच रुग्णाच्या दोन बाजूंना असणार आहोत. दुसरी, एका कानाचे बाधिर्य, चेहऱ्याची वीजकळ, प्रौढपणी आलेली पहिली आकडी, सकाळी वांतीसह होणारी डोकेदुखी आणि हळूहळू कमी होत जाणारी दृष्टी, या पाच लक्षणांचा एक साधा मराठी तक्ता छापून प्रत्येक दवाखान्यात आणि औषधालयात लावावा. तिसरी, रुग्ण पाठविताना सोबत चिठ्ठी द्यावी आणि तीत आपण दिलेल्या सर्व कल्पांची, रसौषधींसह, नावे व मात्रा लिहाव्यात. आपली औषधे लपविली जातात म्हणूनच त्यांच्यावर संशय घेतला जातो. चौथी, परत आलेल्या रुग्णाची नोंदवही ठेवावी. त्याचे पुढील एमआरआय केव्हा आहेत हे तो विसरतो. दोन-तीन वर्षे चालणाऱ्या पाठपुराव्यात त्याला आठवण देणारा माणूस त्याच्या गावातलाच असावा लागतो, आणि तो आपणच असू शकतो.

शेवटी पुन्हा त्या पहिल्या प्रश्नाकडे. 'तुमच्यात काही औषध नाही का?' असे विचारणारा रुग्ण आपल्याकडे औषधापेक्षा विश्वासाने आलेला असतो. त्याला असे उत्तर देता यावे : "औषध आहे, ते तुमची झोप, पचन आणि बळ सांभाळील. पण ही गाठ अजून लहान आहे. डोके न उघडता तिची वाढ थांबविता येईल का, हे आधी मुंबईला दाखवून विचारून घेऊ. चिठ्ठी मी देतो. त्यांचे काय म्हणणे पडते ते मला येऊन सांगा." एवढे बोलण्यासाठी लागणारे ज्ञान फार नाही. ते या वर्षी आपण सर्वांनी मिळवावे, एवढीच विनंती.